घरच्या घरी भाज्या आणि फळे कशी गोठवावीत

भाज्या निवडायच्या, चिरायच्या, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवायच्या, इतकेच हे काम आहे असा पहिल्यांदा करणाऱ्यांचा समज असतो. मग दोन-तीन महिन्यांनी पिशवी उघडली की फरसबी चिवट आणि मळकट हिरवी निघते, फ्लॉवरला उग्र वास येतो, मटारांचा एकच गोळा झालेला असतो आणि सगळा दोष फ्रीझरच्या माथी मारला जातो. वस्तुतः फ्रीझर आहे ती स्थिती फक्त टिकवून धरतो. ज्या अवस्थेत माल आत गेला त्याहून चांगला तो कधीच बाहेर येत नाही, आणि आत जाण्यापूर्वीच्या तासाभरात आपण काय केले यावरच पुढच्या आठ-दहा महिन्यांची चव अवलंबून असते. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा त्या तासाभराला दिली आहे.

गोठल्यावर नेमके काय होते

उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांची वाढ थांबते. परंतु त्यांतले बरेचसे मरत नाहीत. ते नुसते निपचित पडून राहतात आणि माल वितळून कोमट झाला की पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे मळक्या पाण्यात धुतलेली किंवा अस्वच्छ हातांनी हाताळलेली भाजी गोठवल्याने स्वच्छ होत नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी.

दुसरा मुद्दा विकरांचा, म्हणजेच एन्झाइमचा. भाजी तोडल्यावरही तिच्यातील विकरे काम करत राहतात. पिकण्याची, रंग बदलण्याची, साखरेचे पिठूळ पदार्थात रूपांतर करण्याची कामे त्यांचीच. थंडीने त्यांचा वेग मंदावतो, पण ती पूर्ण थांबत नाहीत, आणि फ्रीझरमधल्या दीर्घ मुक्कामात त्यांना भरपूर वेळ मिळतो. जुन्या गोठवलेल्या भाजीला येणारा वाळल्या गवतासारखा वास, उडालेला रंग आणि घटलेले क जीवनसत्त्व यांमागे मुख्यतः हेच कारण असते. भाज्यांना गोठवण्यापूर्वी उकळत्या पाण्याचा चटका द्यायचा तो या विकरांना निकामी करण्यासाठी.

तिसरी बाब पाण्याची. बहुतेक भाज्या-फळांत वजनाच्या ८० ते ९५ टक्के पाणीच असते, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. माल सावकाश गोठला तर पेशींमध्ये बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक तयार होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. वितळल्यावर पाणी सुटते आणि भाजी लिबलिबीत होते. माल झपाट्याने गोठला तर स्फटिक बारीक राहतात आणि पोत बराचसा टिकतो. १९१२ नंतरची काही वर्षे लॅब्राडॉरच्या बर्फाळ प्रदेशात घालवलेल्या क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी संशोधकाच्या नजरेत हेच आले होते. तिथल्या कडाक्याच्या थंडीत आणि वाऱ्यात क्षणार्धात गोठलेले मासे कित्येक महिन्यांनीही ताजे लागत. पुढे त्याने थंड धातूच्या तक्त्यांमध्ये दाबून पदार्थ लवकर गोठवण्याचे यंत्र तयार केले आणि १९३० मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहरात अशा गोठवलेल्या पदार्थांची किरकोळ विक्री सुरू झाली. घरच्या फ्रीझरला तो वेग गाठता येत नाही. मात्र थर पातळ ठेवून, माल आधी गार करून आणि एका वेळी थोडाच माल भरून आपण त्या दिशेने बरेच पुढे जाऊ शकतो.

आधी फ्रीझर तपासावा

फ्रीझरच्या दारावर किंवा आतल्या पट्टीवर काही वेळा ताऱ्यांची खूण असते. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. विजेच्या बचतीसाठी दिले जाणारे तारे वेगळे. या दोहोंची गल्लत करू नये. चौथा, वेगळ्या आकाराचा तारा असेल तर तो फ्रीझर नुसता गोठलेला माल साठवण्यापुरता नसून ताजा माल गोठवण्याचीही त्याची क्षमता आहे असे समजावे. ज्या लहान फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा मुख्य दाराच्या आतच असतो तो कप्पा बहुधा पुरेसा थंड होत नाही, म्हणून तिथे काही आठवड्यांपुरताच माल ठेवावा आणि वर्षभराच्या साठवणीचा विचार सोडून द्यावा.

खूण नसेल तर साधा फ्रीझर थर्मामीटर आतल्या पाकिटांच्या मध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडण्याची वर्दळ सुरू होण्याआधी वाचावा. तापमान उणे १८ किंवा त्याहून खाली असावे. मोठ्या प्रमाणावर गोठवायचे ठरले असेल तर आदल्या दिवशी फ्रीझर सर्वांत थंड पातळीवर लावून ठेवावा.

किती माल एका दिवसात भरायचा, यालाही मर्यादा आहे. फ्रीझरच्या दर १० लिटर जागेमागे चोवीस तासांत ३०० ते ४५० ग्रॅमपेक्षा जास्त ताजा माल भरू नये. म्हणजे ५० लिटरच्या फ्रीझरमध्ये एका दिवशी दीड ते सव्वादोन किलो. याहून जास्त भरला तर नवा माल सावकाश गोठतोच, शिवाय शेजारच्या जुन्या पाकिटांचे तापमानही वर चढते. नवखे लोक इथेच हमखास चुकतात: पोतेभर मटार एकाच रविवारी सोलून आत कोंबतात. त्याऐवजी काम दोन-तीन दिवसांत विभागावे आणि उरलेला माल तोवर न सोलता, न चिरता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा.

माल कसा निवडावा

कोवळी, टवटवीत, नुकतीच आलेली भाजी घ्यावी. मका आणि मटार यांच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो, कारण तोडल्यापासून त्यांच्यातील साखर घटून दाणे पिठूळ होऊ लागतात. म्हणून ज्या दिवशी आणले त्याच दिवशी त्यांचे काम संपवलेले बरे. शिळा माल वाया जाऊ नये म्हणून तो फ्रीझरमध्ये ढकलण्याचा मोह होतो, पण सुकलेली भाजी सुकलेलीच गोठते. फळांचे मात्र थोडे वेगळे आहे: ती पूर्ण पिकलेली, घट्ट आणि डाग नसलेली असावीत. कच्चे फळ फ्रीझरमध्ये पिकत नाही. अतिपिकलेल्या फळाच्या फोडी न करता गर काढून गोठवावा.

साहित्य फारसे लागत नाही. पाच-सहा लिटरचे झाकणाचे मोठे पातेले, त्यात बसेल अशी जाळीची टोपली किंवा स्टीलची चाळण, बर्फाच्या पाण्यासाठी दुसरे मोठे भांडे, दोन-तीन स्वच्छ सुती पंचे, सपाट ट्रे, फ्रीझरसाठी बनवलेल्या जाड पिशव्या किंवा हवाबंद डबे, न पुसणारा मार्कर आणि सेकंद दाखवणारे घड्याळ. बाजारहाटाच्या पातळ पिशव्या वापरू नयेत, कारण त्यांतून हवा आणि वास दोन्ही आरपार जातात. पातेल्यात पाणी तापत ठेवण्याआधी भांडेभर बर्फ तयार आहे की नाही हे पाहावे. उकळलेली भाजी हातात घेऊन बर्फाची वाट पाहण्यात सगळी मेहनत वाया जाते.

ब्लांचिंग: या कामाचा कणा

भाजी ठरावीक वेळ उकळत्या पाण्यात ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात गार करणे याला ब्लांचिंग म्हणतात. यामुळे विकरे निकामी होतात, वरची माती आणि बरेचसे सूक्ष्मजीव निघून जातात, रंग खुलतो आणि भाजी थोडी नरम होऊन कमी जागेत बसते. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त गाळली जाते. माझ्या मते वेळ नसेल तर त्या दिवशी भाजी गोठवूच नये, ताजीच शिजवून संपवावी.

पाण्याचे प्रमाण साधारण असे ठेवावे: ५०० ग्रॅम भाजीला ४ लिटर पाणी. पातेले लहान असेल तर २ लिटर पाण्यात पाव किलोचेच घाणे काढावेत. पाणी खळखळून उकळल्यावर भाजी टोपलीसह त्यात सोडावी आणि झाकण ठेवावे. भाजी पडताच उकळी मोडते. ती मिनिटभरात परत आली पाहिजे, आणि घड्याळ त्या परत आलेल्या उकळीपासूनच लावायचे असते. मिनिटभरात उकळी आली नाही तर भाजी पाण्याच्या मानाने जास्त झाली असे समजून पुढचा घाणा लहान करावा.

मटारांचा एक घाणा डोळ्यांसमोर आणून पाहू. पाण्यात पडताना दाणे फिकट, किंचित पांढुरकी छटा असलेले असतात आणि तळाशी जाऊन बसतात. उकळी परतते तशी त्यांची हिरवाई झपाट्याने गडद आणि चकचकीत होते, काही दाणे वर येऊन फिरू लागतात, आणि दीड मिनिटाला टोपली उचलली तेव्हा दाणा बोटांत दाबल्यास साल ताणलेली पण न फाटलेली लागते. साल सुरकुतली असेल किंवा दाण्यांची डाळ सुटू लागली असेल तर वेळ जास्त झाली.

वेळ कमी पडणे हे वेळ जास्त होण्यापेक्षा वाईट, आणि अर्धवट ब्लांचिंग हे अजिबात न करण्यापेक्षाही वाईट, कारण थोड्याशा उष्णतेने विकरे मरत नाहीत, उलट अधिक चेव घेऊन कामाला लागतात. वेळ जास्त झाली तर मात्र रंग, चव आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जातात. म्हणून अंदाज न बांधता घड्याळ पाहावे.

नेहमीच्या भाज्यांच्या वेळा अशा आहेत. मटारांना दीड मिनिट, पालक आणि तत्सम पालेभाज्यांना दोन, गाजराच्या बारीक फोडींना दोन आणि अख्ख्या कोवळ्या गाजरांना पाच मिनिटे. फरसबीला तीन मिनिटे. फ्लॉवर आणि ब्रोकोली यांचे अडीच-तीन सेंटिमीटरचे तुरे करून तेही तीन मिनिटे. फ्लॉवरमध्ये अळ्या दडलेल्या असण्याची शक्यता असल्याने तो आधी अर्धा तास मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावा. कोबी चिरलेला असेल तर दीड मिनिट पुरते. मक्याचे दाणे हवे असतील तर कणीस सोलून अख्खेच चार मिनिटे उकळावे, गार करावे आणि मग सुरीने दाणे उतरवावेत. आधी दाणे काढले तर त्यांतला गोड रस पाण्यात जातो. भेंडी लहान असेल तर तीन, मोठी असेल तर चार मिनिटे. भेंडीचा देठ छाटताना टोपी इतकीच काढावी की आतले बियांचे कप्पे उघडे पडणार नाहीत, नाहीतर पाणी आत शिरून सगळी भाजी बुळबुळीत होते; चकत्या करायच्याच असतील तर त्या ब्लांचिंगनंतर कराव्यात. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरहून उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे तिथे या वेळांत एक मिनिट वाढवावे.

ब्रोकोलीसाठी वाफेवरचे ब्लांचिंगही चालते आणि त्यात जीवनसत्त्वे कमी जातात. त्याला पाण्याच्या सुमारे दीडपट वेळ लागतो आणि भाजीचा थर एकपदरी असावा लागतो. पालेभाजी वाफेवर करू नये, कारण पाने एकमेकांना चिकटतात आणि मधली कच्ची राहतात. मायक्रोवेव्हमध्येही उष्णता सर्वत्र सारखी पोहोचत नाही, म्हणून नवख्यांनी त्या वाटेला न गेलेले बरे.

काही भाज्या या पायरीतून सुटतात आणि काहींना तिच्यापेक्षा जास्त लागते. कांदा, ढोबळी मिरची, हिरवी मिरची आणि आले ब्लांचिंगशिवाय गोठवता येते. फक्त कांद्याचा वास सगळ्या फ्रीझरभर पसरतो, म्हणून त्याला दोन पिशव्या घालाव्यात. टोमॅटो देठाकडचा भाग काढून कच्चाच, अख्खा गोठवता येतो, आणि वितळताना कोमट पाण्याखाली धरला की त्याची साल आपोआप सुटते. याउलट बीट, लाल भोपळा आणि रताळे पूर्ण शिजवून, साल काढून, फोडी किंवा गर करून मगच गोठवावेत.

गार करणे आणि कोरडे करणे

ठरलेली वेळ संपताच टोपली उचलून थेट बर्फाच्या पाण्यात बुडवावी. जितक्या वजनाची भाजी तितक्याच वजनाचा बर्फ हा साधा हिशेब. जितका वेळ उकळली निदान तितकाच वेळ गार करावी. तुकडा मधोमध तोडून आतला भाग ओठाला लावून पाहिला आणि तो थंड लागला तर काम झाले. वरून गार पण आतून कोमट असलेली भाजी स्वतःच्या उष्णतेत शिजत राहते.

यानंतरची पायरी दिसायला क्षुल्लक, पण परिणामाने मोठी आहे. भाजी चाळणीत निथळून पंच्यावर एका थरात पसरावी, वरून दुसऱ्या पंच्याने हलकेच टिपावी आणि वरचे पाणी पूर्ण जाईपर्यंत थांबावे. पृष्ठभागावर राहिलेल्या पाण्याचाच पुढे बर्फ होतो, त्यानेच दाणे एकमेकांना जखडतात, आणि शिजवताना तेच पाणी भांड्यात सुटून भाजीला बेचव करते. पालेभाजी मात्र हाताने घट्ट पिळून तिचे एका वेळेला पुरतील एवढे मुटके करावेत.

ट्रेवर गोठवणे आणि भरणे

ट्रेवर बटर पेपर किंवा स्वच्छ प्लास्टिक अंथरून त्यावर कोरडा माल एका थरात, तुकडे शक्यतो एकमेकांना न टेकता पसरावा आणि ट्रे फ्रीझरच्या सर्वांत थंड भागात, भिंतीला किंवा तळाला लागून ठेवावा. दाणे टणक व्हायला साधारण एक ते दोन तास लागतात. मोठ्या तुकड्यांना जास्त. टणक झाले की लगेच पिशवीत भरावेत. रात्रभर उघडे ठेवले तर पृष्ठभाग कोरडा पडू लागतो. या पद्धतीने भरलेल्या पिशवीतून हवे तेवढेच मूठभर दाणे काढून उरलेली पिशवी परत ठेवता येते, आणि माझ्या मते एवढ्या एका सोयीसाठीही ट्रेचा खटाटोप करण्यासारखा आहे.

पिशवीवर नाव, वजन आणि तारीख भरण्यापूर्वीच लिहावी. गारठलेल्या, दमट प्लास्टिकवर मार्कर उमटत नाही. एका जेवणाला पुरेल एवढाच माल एका पिशवीत घालावा आणि पिशवी पाटीसारखी सपाट करावी, म्हणजे ती लवकर गोठते आणि एकीवर एक रचता येते. मग हवा काढावी. यासाठी यंत्र असायलाच हवे असे नाही: पिशवी बोटभर उघडी ठेवून ती भरलेल्या पातेल्यातील पाण्यात तोंडापर्यंत हळूहळू बुडवली की पाण्याच्या दाबाने हवा वर निघून जाते, तोंड पाण्याबाहेर ठेवून तिथल्या तिथे पिशवी बंद करावी.

हवा काढण्यावर इतका भर देण्याचे कारण असे की फ्रीझरमधला बर्फ पाणी न होताच थेट वाफ होऊन उडतो. पिशवीत हवा असेल तर मालातला ओलावा निघून पिशवीच्या आतल्या बाजूस हिमकण होऊन बसतो, आणि मालावर करडे-पांढरे, कोरडे, चामट डाग पडतात. याला फ्रीझर बर्न म्हणतात. अशी भाजी खाल्ल्याने अपाय होत नाही, पण डागाचा भाग चवीला लाकडासारखा असतो, तो काढून टाकावा.

डब्यात रस, गर किंवा पाकातली फळे भरताना प्रसरणासाठी वर जागा सोडावी: अर्ध्या लिटरच्या रुंद तोंडाच्या डब्यात दीड सेंटिमीटर, एक लिटरच्या डब्यात अडीच. काचेची बरणी वापरायचीच असेल तर ती सरळ भिंतीची असावी. गळ्याकडे निमुळत्या होणाऱ्या बाटल्या त्याच ठिकाणी तडकतात.

फळांचे वेगळे शास्त्र

फळे ब्लांच करत नाहीत, कारण उकळल्यावर ती शिजलेली लागतात. त्यांच्या बाबतीत काळजी दोन गोष्टींची घ्यायची: कापलेला भाग काळपटणे आणि पोत ढासळणे. सफरचंद, पीच, केळे यांसारखी फळे कापली की विकरे आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगाने ती तपकिरी पडतात. त्यावर क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड हा सर्वांत खात्रीचा उपाय. त्याची शुद्ध पूड पाव ते अर्धा चमचा घेऊन तीन मोठे चमचे थंड पाण्यात विरघळवावी आणि साधारण पाऊण किलो फोडींवर शिंपडून त्या अलगद वरखाली कराव्यात. लिंबाचा रसही चालतो. तो तितका प्रभावी नसतो आणि फळाला आपली चव देतो.

फळे भरण्याच्या तीन रीती आहेत. पहिली कोरडी: स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे, आंबा आणि अननसाच्या फोडी ट्रेवर गोठवून पिशवीत भरणे. स्मूदी, जॅम किंवा शिजवण्याच्या पदार्थांसाठी हीच रीत सोयीची. ब्लूबेरीसारखी फळे धुतल्यास नीट सुकल्याशिवाय ट्रेवर घालू नयेत. दुसरी रीत साखरेची: कापलेल्या स्ट्रॉबेरी किंवा पीचच्या चार भागांना वजनाने साधारण एक भाग साखर लावून, रस सुटून साखर विरघळेपर्यंत पंधरा मिनिटे थांबावे आणि मग डब्यात भरावे. तिसरी रीत पाकाची, आणि फोडींचा आकार व पोत टिकवायचा असेल तर तीच सर्वांत चांगली. ६०० मिलिलिटर पाण्यात ४०० ग्रॅम साखर विरघळवली की ४० टक्क्यांचा पाक होतो आणि तो बहुतेक फळांना मानवतो. सौम्य चवीच्या फळांना ३० टक्क्यांचा पुरतो. पाक पूर्ण थंड करून घ्यावा, फळे काळपटणारी असतील तर लिटरमागे अर्धा चमचा ॲस्कॉर्बिक ॲसिड त्यात घालावे, आणि फळे बुडतील एवढा पाक ओतून वर चुरगळलेल्या बटर पेपरचा बोळा ठेवावा, म्हणजे फोडी तरंगून हवेत उघड्या पडत नाहीत. साखर फळ टिकवण्यासाठी आवश्यक नाही. ते काम थंडी करते. साखर रंग, चव आणि पोत राखते, म्हणून ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांनी कोरडी रीत निःशंकपणे वापरावी.

आंब्याच्या फोडी करताना कोयीलगतचा दोरेदार भाग फोडींत घेऊ नये. तो पिळून त्याचा रस वेगळा गोठवावा. केळी सालीसकट ठेवली तर साल काळी पडते आणि गोठलेली साल काढणे जिकिरीचे होते, म्हणून सोलून, कुस्करून, थोडे ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून ठेवावीत. लिंबाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भराव्यात. आंबट फळांसाठी लोखंडाची, तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. स्टील किंवा काच घ्यावी.

काय गोठवू नये

काकडी, मुळा, सॅलडची पाने आणि कच्चा बटाटा यांच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या तिघांचा सगळा मोठेपणा त्यांच्या कुरकुरीतपणात असतो आणि तोच बर्फाच्या स्फटिकांनी नाहीसा होतो. बटाटा पाणचट आणि चरचरीत होतो. कोबी गोठवता येतो, पण तो पुढे शिजवण्यासाठीच. लसूण तेलात बुडवून ठेवण्याची पद्धत काही घरांत असते. असे मिश्रण फ्रीझरबाहेर राहिले तर त्यात बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते, म्हणून ते गोठवलेच तर लहान वड्यांच्या रूपात गोठवावे आणि वडी फ्रीझरमधून काढून थेट कढईत टाकावी.

साठवण, वीज गेल्यास आणि वापरताना

उणे १८ अंशांना नीट बांधलेली बहुतेक भाज्या-फळे आठ ते बारा महिने चांगली राहतात. संत्र्या-मोसंब्यासारखी फळे चार ते सहा महिन्यांत संपवावीत. कच्चा कांदा आणि ढोबळी मिरचीही तुलनेने लवकर वापरावी. या मुदतीनंतर माल विषारी होत नाही, फक्त त्याची चव उतरते. जुनी पाकिटे पुढे आणि नवी मागे ठेवावीत.

वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडू नये. भरलेला फ्रीझर दार बंद असल्यास सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास माल गोठलेला ठेवतो. वीज आल्यावर प्रत्येक पिशवी हाताने चाचपून पाहावी: आत अजून बर्फाचे कण जाणवत असतील किंवा मालाचे तापमान ४ अंशांपेक्षा कमी असेल तर पुन्हा गोठवता येते, फक्त पोत थोडा खालावतो. पूर्ण वितळून कोमट झालेली भाजी टाकून द्यावी. वासावरून तिची पारख करू नये.

गोठवलेली भाजी वितळवत बसण्याची गरज नसते. ती फ्रीझरमधून काढून थेट उकळत्या पाण्यात किंवा कढईत टाकावी. ब्लांचिंगमध्ये ती अर्धवट शिजलेलीच असते, त्यामुळे तिला ताज्या भाजीच्या निम्मा ते दोन-तृतीयांश वेळ पुरतो. याला अपवाद अख्ख्या कणसाचा, कारण दाणे शिजून जातात आणि आतला गाभा गारच राहतो. आणि पालेभाजीच्या मुटक्यांचा, जे थोडे सैल झाल्याशिवाय मधपर्यंत शिजत नाहीत. हे दोन्ही आधी फ्रीजमध्ये अर्धवट वितळवावेत.

भाजी मात्र शिजवूनच खावी. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातील काही देशांत लिस्टेरिया जिवाणूमुळे लोक आजारी पडले, काहींचा मृत्यूही झाला, आणि त्याचा माग गोठवलेल्या मक्यापर्यंत पोहोचला. घरची भाजी कितीही निगुतीने केलेली असली तरी गोठलेले दाणे तसेच सॅलडमध्ये टाकू नयेत, आणि घरात गर्भवती, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर हे विशेष कटाक्षाने पाळावे.

फळे फ्रीजमध्ये, बंद पिशवीतच वितळवावीत. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात ठेवावीत, ओट्यावर तासन्‌तास ठेवू नयेत. पूर्ण वितळेपर्यंत थांबले की फळ गळून जाते, म्हणून आत बर्फाचे थोडे कण शिल्लक असतानाच ते वाढावे. अननस जेलीत घालायचा असेल तर तो आधी उकळून घ्यावा लागतो, कारण प्रथिने तोडणारे त्याचे विकर गोठवल्यानंतरही जिवंत राहते आणि जेली धरतच नाही. वितळलेल्या फळांतून सुटलेला रस ओतून न देता स्मूदीत किंवा पाकात वापरावा. फळाची बरीच चव आणि क जीवनसत्त्व त्यातच उतरलेले असते.